शुकुदाइ : जपानी शाळेतला एक रोजचा शब्द

मधुमालती

मुलगा इथल्या सरकारी शाळेत पहिलीत गेला तेव्हा माझी जपानी भाषेची एन३ परीक्षा होऊन दोन वर्षं झाली होती. आम्ही तोक्योत निशिकासाईला राहतो. आजूबाजूला भारतीय पुष्कळ, मराठी घरंही बरीच, त्यामुळे दुकानात-दवाखान्यात भाषेवाचून अडायचं नाही. शाळा सुरू झाली आणि रोज संध्याकाळी दप्तरातून एक छोटी वही बाहेर येऊ लागली. 'रेन्राकुचोऽ', म्हणजे शाळेने घराला आणि घराने शाळेला निरोप द्यायची वही. तीत मुलाच्या वाकड्यातिकड्या अक्षरात एका गोलात 'शि' आणि दुसऱ्या गोलात 'मो' असायचं, पुढे दोन-दोन ओळी. 'मो' म्हणजे मोचिमोनो, उद्या न्यायच्या वस्तू. 'शि' म्हणजे शुकुदाइ. गृहपाठ.

शब्द मला पाठ होता. एन५ला, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीला, बसणारा प्रत्येक जण तो पहिल्या काही महिन्यांतच शिकतो. पण शुकुदाइ म्हणजे घरात नक्की काय घडतं, हे त्या गोलातल्या 'शि'ने शिकवलं. सुरुवातीला हिरागाना, म्हणजे जपानी मुळाक्षरं, गिरवायची पानं, पुढे कान्जी दोरिरु, म्हणजे चिनी वळणाच्या चिन्हांच्या सरावाचं पुस्तक, केइसान दोरिरु म्हणजे बेरजा-वजाबाक्यांचं पुस्तक, आणि जवळजवळ रोज ओन्दोकु. ओन्दोकु म्हणजे धडा मोठ्याने वाचायचा आणि घरातल्या कोणीतरी तो ऐकायचा. ऐकणाऱ्याने कार्डावर खुणा करायच्या: आवाज मोठा होता का, शब्द स्पष्ट होते का, भाव आला का. खाली सही नाहीतर हान्को, म्हणजे शिक्का. मी कणीक मळता मळता ऐकायचे. तोच धडा आठवडाभर. पहिल्या दिवशी तो अडखळायचा, शुक्रवारी पुस्तकात न बघता म्हणायचा. माझ्या जपानीतले दोन-तीन चुकीचे उच्चार त्या कट्ट्यापाशी उभ्याउभ्या दुरुस्त झाले.

एक प्रसंग सांगते, त्यासाठीच धागा काढलाय. जूनमध्ये एकदा वहीत निरोप आला की गणिताचं पान घरीच तपासून पाठवावं. मी लाल पेन घेतलं आणि दहाच्या दहा बेरजांपुढे आपली बरोबरची खूण केली, टिक. मुलाने पान बघितलं आणि हमसून हमसून रडायला लागला. मला कळेना. सगळं बरोबर आहे रे, म्हटलं. तो म्हणाला, "आई, ही चुकीची खूण आहे. बरोबरला मारु असतो." मारु म्हणजे गोल. इथे बरोबर उत्तराला गोल करतात आणि टिक करतात ती चुकलेल्याला. मी दहाही टिका खोडून दहा गोल काढले, तरी ते पान शाळेत न्यायला तो तयार नव्हता. शेवटी पूर्ण पान नव्या कागदावर पुन्हा सोडवलं त्याने.

जपानी शिकणारे, शिकवणारे, इथे राहणारे, सगळ्यांनी या एका शब्दाबद्दल लिहा. व्याकरण, अनुभव, काहीही.

पेठकर

मधुमालती, टिकेचं वाचून पोटात कालवलं. सहा वर्षांचं पोर, दहापैकी दहा मिळवून रडतंय.

मी पुण्यात शिकतो, डिसेंबरला एन४. या शब्दावर माझं एक वाक्य अडलंय. निबंधात मी लिहिलं, 'सेन्सेइ वा शुकुदाइ ओ कुरेमाशिता', सरांनी गृहपाठ दिला. बाईंनी 'कुरेमाशिता' खाली रेघ मारली आणि 'दाशिमाशिता' लिहिलं. दासु म्हणजे बाहेर काढणे असं मी शिकलोय. कचरा बाहेर ठेवायचा तरी दासु, पत्र टाकायचं तरी दासु. गृहपाठ 'बाहेर काढला'? विचारायचं होतं, पण तास संपला.

चिंचेचं झाड

पेठकर, कुरेरु म्हणजे कोणीतरी आपल्यासाठी म्हणून, आपुलकीने काही देणं. वाढदिवसाला पेन दिलं, आजारपणात फळं दिली, तिथे कुरेरु. सरांनी गृहपाठ तसा दिलेला नसतो. म्हणून रेघ.

आणि 'बाहेर काढला' याला बिचकू नका, कारण मराठीत आपण तेच म्हणतो. परीक्षा जवळ आली की मुलं विचारतात, "यंदा गणिताचा पेपर कोणी काढलाय?" पेपर 'दिला' मुलांनी, 'काढला' सरांनी. प्रश्न काढतात, आवाज काढतात, वह्या काढा म्हणतात. जपानीत प्रश्न काढणे हे 'मोन्दाइ ओ दासु', आवाज काढणे हे 'कोए ओ दासु'. वीस वर्षं शिकवतेय. दासुला वर्गात 'देणे' किंवा 'पाठवणे' असे वेगवेगळे अर्थ पाठ करायला लावले की मुलं गोंधळतात. 'काढणे' म्हटलं की निम्मी वाक्यं आपोआप बसतात. सगळी नाही. कचऱ्याला आणि पत्राला आपण काढणे म्हणत नाही, पण वस्तू आपल्या हद्दीतून बाहेर जाते हे तिथेही आहेच.

त्याची जोडीही आपल्याकडे आहे. काढणे-निघणे, तसं दासु-देरु. 'शुकुदाइ ओ दासु', शिक्षकाने गृहपाठ काढला. 'शुकुदाइ गा देरु', गृहपाठ निघाला. मुलं आपसात दुसरंच वापरतात: 'क्योऽ शुकुदाइ देता?' आज गृहपाठ आहे का, दिलाय का. कोणी दिला ते सांगायची गरज नसते.

आता खरी गंमत. मुलगा गृहपाठ करून सरांकडे देतो, तेही दासुच! शिक्षक काढतो तेव्हा दासु, विद्यार्थी जमा करतो तेव्हाही दासु. फरक कशाने कळतो ते सांगा बघू. उद्या येते.

सह्यकडा

फरक 'गा' आणि 'नि'ने. 'सेन्सेइ गा शुकुदाइ ओ दाशिता' म्हणजे सरांनी गृहपाठ दिला. 'सेन्सेइ नि शुकुदाइ ओ दाशिता' म्हणजे सरांना गृहपाठ दिला.

हे लिहिताना आत्ता लक्षात आलं की मराठीतही एकच क्रियापद आहे. सरांनी दिला, सरांना दिला. नी आणि ना यांनीच सगळं ठरतं. इंग्रजीतून शिकवणाऱ्या पुस्तकांत यासाठी दोन वेगळी क्रियापदं द्यावी लागतात, आपल्याला लागत नाहीत.

टिपूर

पण थांबा! मी नवीन आहे, चुकत असेन तर सांगा. जपानीतला 'नि' ऐकायला आपल्या 'नी'सारखा, आणि अर्थ मात्र 'ना'चा? मला 'सेन्सेइ नि' ऐकलं की 'सरांनी'च ऐकू येतं. परवा ऐकण्याच्या सरावात याच जागी दोन प्रश्न चुकले. मला वाटलं सर काहीतरी देतायत, आणि मुलगी त्यांना देत होती.

चिंचेचं झाड

टिपूर, चुकत नाही आहात. मराठी माणसाचा पाय नेमका इथेच घसरतो. हिंदीतून शिकणाऱ्यांचा नाही घसरत, कारण त्यांच्याकडे 'ने' आहे, 'नी' नाही. माझ्या वर्गात दर वर्षी चार-पाच जण तरी पडतात, आणि कुठल्याही छापील पुस्तकात हा इशारा नसतो, कारण ती पुस्तकं मराठी कानांसाठी लिहिलेलीच नाहीत.

पण आता पुढचं ऐका. हेच वाक्य कर्मणी करा: 'सेन्सेइ नि शुकुदाइ ओ ताकुसान दासारेता.' सरांनी भरपूर गृहपाठ दिला, आणि तो माझ्या गळ्यात पडला. इथला 'नि' म्हणजे आपला 'नी'च! ज्याने केलं तो. दासारेरुमध्ये सोसणाऱ्याचा सूर आहे, 'माझ्यावर हे आलं' असा. मुलं दप्तर टाकत घरात शिरतात आणि हे म्हणतात.

म्हणजे क्रियापद साधं असेल, दाशिता, तर 'नि' हा 'ना'. क्रियापद दासारेता असेल तर 'नि' हा 'नी'. जपानी वाक्य शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय ठरवायचं नाही. मी वर्गात यासाठी दुसरा शब्दच घेत नाही, शुकुदाइच घेते, कारण मुलांना तो मनापासून कळतो.

मधुमालती

झाडबाई, हे मला आठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. माझा मुलगा मराठी बोलताना उलटी चूक करतो! "बाईंना मला ओरडलं" म्हणतो. मी नुसतं दुरुस्त करायचे. कुठून येतं ते आज कळलं.

रानजाई

व्याकरणात मला गती नाही, पण कान्जी लिहायला आवडतात, त्यामुळे या शब्दाच्या पोटात शिरते.

शुकु आणि दाइ अशी दोन चिन्हं. ही दोन्ही चिन्हं जपानी मुलं तिसरीत शिकतात. म्हणजे पहिली-दुसरीतली मुलं हा शब्द हिरागानातच लिहितात, गृहपाठ करतात दोन वर्षं आणि मग तो शब्द लिहायला शिकतात. प्राथमिकच्या सहा वर्षांत मिळून 1026 कान्जी असतात, पहिलीत 80, दुसरीत 160, तिसरीत 200.

'शुकु'ला 11 रेघा. वर छप्पर, खाली डावीकडे माणूस, उजवीकडे शंभर या आकड्याचं चिन्ह. एका छपराखाली शंभर माणसं, म्हणजे धर्मशाळा, असं मी पाठ केलं होतं आणि लक्षात राहायला ते उत्तम आहे. खरी व्युत्पत्ती मात्र वेगळी. अगदी जुन्या चिनी कोरीव अक्षरांत तिथे शंभर नाही, चटई आहे. छपराखाली चटईवर टेकलेला माणूस. मुक्काम. सुटं चिन्ह आलं की वाचायचं 'यादो', सराई. पाऊस आला म्हणून वळचणीला थांबणं म्हणजे 'आमायादोरि', त्यातही हेच. आणि शिन्जुकुमधला 'जुकु' हाच. शिन्जुकु म्हणजे नवा मुक्काम. कोऽशूऽ काइदोऽ या रस्त्यावर एदोहून, म्हणजे जुन्या तोक्योहून, निघालं की पहिला थांबा फार लांब पडायचा, म्हणून 1698 साली मध्ये हा नवा पडाव वसवला. आज तिथे जगातल्या सर्वांत गर्दीच्या स्थानकांपैकी एक आहे. (शिकवणीच्या क्लासला 'जुकु' म्हणतात, ते चिन्ह वेगळं. शिन्जुकु म्हणजे नवा क्लास नव्हे.)

मग मुक्कामाचा गृहपाठाशी काय संबंध? या चिन्हाला दुसरी छटा आहे: आधीपासून असलेलं, मागून चालत आलेलं. बौद्ध ग्रंथांतून ती जपानीत रुजली. 'शुकुमेइ' म्हणजे नियती. 'शुकुगोऽ' म्हणजे मागल्या जन्मीचं कर्म, आपण संचित म्हणतो ते. 'शुकुगान' म्हणजे खूप वर्षं उराशी बाळगलेली इच्छा. आणि 'दाइ' म्हणजे विषय, प्रश्न. 18 रेघांचं चिन्ह. त्याच्या उजव्या भागात डोकं आहे, आणि त्याचा मूळ अर्थ कपाळ असा होता. कपाळ जसं सगळ्यात आधी दिसतं तसा लेखाच्या माथ्यावरचा विषय.

जपानी शब्दकोशात शुकुदाइचा आणखी एक अर्थ दिलेला असतो: कवींच्या बैठकीसाठी आधीच देऊन ठेवलेला विषय. हायकूच्या बैठकीत विषय दोन तऱ्हांनी देतात. तिथल्या तिथे देतात तो 'सेकिदाइ', काही दिवस आधी कळवतात तो 'केन्दाइ', आणि याच केन्दाइला शुकुदाइही म्हणतात. 'पहिला पाऊस' असा विषय मिळाला की तो घेऊन माणूस घरी जातो, कामं करतो, झोपतो, चार दिवस तो विषय त्याच्यापाशी मुक्कामाला असतो. शिरीष पैंनी हायकू मराठीत आणलं तेव्हापासून मी हायकू लिहिते, पण विषयाने आपल्याकडे वस्तीला यावं ही कल्पना मला या शब्दाने दिली. आपल्या 'गृहपाठा'त पाठ आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणणं. शुकुदाइत पाठ नाही, प्रश्न आहे.

पेठकर

रानजाई, हा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. शंभर माणसांची धर्मशाळा मीही पाठ करणार, चटई माहीत असली तरी.

सह्यकडा

रानजाईंच्या 'मुक्कामाच्या प्रश्ना'ला माझ्या ऑफिसातून पुरावा. ओसाकात नोकरीला आहे. पहिल्याच वर्षी एका बैठकीत ग्राहकाने प्रश्न विचारला, आमच्या साहेबांना उत्तर माहीत नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, 'शुकुदाइ नि सासेते कुदासाइ.' याचा आम्हाला गृहपाठ करू द्या. पन्नाशीचा माणूस समोरच्या पन्नाशीच्या माणसाला हे म्हणतोय आणि कोणाला वावगं वाटत नाही! उत्तर आत्ता नाही, घेऊन जातो, अमुक दिवसापर्यंत आणतो, असा त्याचा अर्थ. बैठकीच्या इतिवृत्तात शेवटी 'शुकुदाइ जिकोऽ' असं शीर्षक येतं, खाली कोणी कोणत्या प्रश्नाचं उत्तर आणायचं त्याची यादी. त्या यादीत आपलं नाव असलं की पुढच्या बैठकीत पहिल्यांदा तेच विचारतात.

एक फरक मात्र जपा. मराठीत आपण म्हणतो, "वक्ता चांगला गृहपाठ करून आला होता." हा गृहपाठ म्हणजे आधीची तयारी. जपानीत तिथे शुकुदाइ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की त्याला कोणीतरी काम दिलेलं होतं. तयारीला 'शिताशिराबे' म्हणतात, शाळेत उद्याचा धडा आधी बघून जाण्याला 'योशुऽ' आणि झालेला पुन्हा बघण्याला 'फुकुशुऽ'. मी एकदा ग्राहकाच्या कौतुकासाठी शुकुदाइ वापरलं आणि सहकाऱ्याने नंतर बाजूला घेऊन समजावलं.

विद्यापीठात गेल्यावर शुकुदाइ मागे पडतं. तिथे 'कादाइ', म्हणजे नेमून दिलेलं काम, आणि 'रेपोऽतो', म्हणजे रिपोर्ट.

दादरकर

आम्ही पाच वर्षं योकोहामात होतो, मुली तिथल्याच शाळेत. शुकुदाइ म्हटलं की मला आठवतो उन्हाळा. 'नात्सुयासुमि नो शुकुदाइ', उन्हाळी सुट्टीचा गृहपाठ.

सुट्टी जुलैच्या शेवटच्या दहा दिवसांत सुरू होते, ऑगस्ट जवळजवळ पूर्ण. होक्काइदोऽसारख्या थंड भागात ती लहान आणि हिवाळ्याची मोठी. दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडे चार वह्या भरायला द्यायचे, तसं काहीतरी असेल असं समजून होतो. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात धाकटीच्या शाळेतून कळवलं की पालकांनी येऊन कुंडी घेऊन जावी. पहिलीतल्या प्रत्येक मुलाने वर्षाच्या सुरुवातीला आसागाओ पेरलेली असते. सकाळी फुलणारी निळीजांभळी वेल, आपल्याकडे कुंपणावर असते तशी. ती निळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली वेल, काठ्यांसकट, मी भर उन्हात उचलून वीस मिनिटं चालत घरी आणली. रस्त्यात माझ्यासारखेच आणखी चार बाप कुंड्या घेऊन. मग सुट्टीभर तिचं निरीक्षण: आज किती फुलं, पान केवढं, बी कधी धरलं. चित्र काढायचं, दोन ओळी लिहायच्या.

शिवाय 'एनिक्कि', चित्रांची रोजनिशी. पुस्तक वाचून त्यावर लिहायचं 'कान्सोऽबुन'. सकाळी साडेसहाला मैदानात रेडिओवरच्या कवायती. 1928 पासून चालू आहेत त्या. गेलं की कार्डावर शिक्का. आणि मोठ्या मुलांना 'जियुऽ केन्क्युऽ', म्हणजे आपल्या मनाने विषय निवडून शोध घ्यायचा. थोरलीने पाचवीत आमच्या इमारतीच्या जिन्यात कोळ्यांची जाळी मोजली, कुठल्या मजल्यावर किती आणि का. दिव्याजवळ जास्त, कारण तिथे किडे येतात, हे तिचं तिनेच काढलं. आज ती जीवशास्त्र शिकतेय.

31 ऑगस्ट ही तारीख मात्र सगळ्या जपानी घरांना ठाऊक आहे. आता बऱ्याच शाळा ऑगस्टच्याच शेवटच्या आठवड्यात उघडतात, तरी 'ऑगस्टची एकतीस' म्हटलं की राहिलेलं शुकुदाइ आणि रडवेली मुलं, हे समीकरण आहे. आमच्याकडे त्या रात्री चाळीस दिवसांची रोजनिशी एका बैठकीत लिहिली गेली आहे. मागच्या तारखांचं हवामान मी जुन्या वर्तमानपत्रांतून काढून दिलं होतं. ते करायला नको होतं असं आज वाटतं.

टिपूर

दादरकर, तिथे तयार गृहपाठ विकत मिळतो असं ऐकलं होतं, खरं आहे?

दादरकर

होतं तसं. पुस्तकावरचे निबंध, जियुऽ केन्क्युऽचे तयार संच ऑनलाइन विकायला यायचे. 2018 च्या ऑगस्टमध्ये शिक्षण मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या मोठ्या कंपन्यांशी बोलून तयार गृहपाठाची विक्री बंद करायचं ठरवून घेतलं. आम्ही तेव्हा तिथेच होतो, बातम्यांत खूप चर्चा झाली. मुलांना इतकं द्यावंच का, असंही बोललं गेलं.

मधुमालती

ती चर्चा अजून चालू आहे. सर्वसाधारण संकेत असा की इयत्ता गुणिले दहा मिनिटं, तिसरीला अर्धा तास, सहावीला तास. तोक्योच्या चियोदा भागातल्या कोऽजिमाचि माध्यमिक शाळेत कुदोऽ युऽइचि 2014 पासून 2020 पर्यंत मुख्याध्यापक होते, त्यांनी गृहपाठ बंदच करून टाकला, सहामाही-वार्षिकसारख्या ठरावीक परीक्षाही. येत असलेलं पुन्हा लिहायला लावून मुलाचा वेळ का घालवायचा, जे येत नाही ते त्याचं त्याने शोधावं, अशी त्यांची बाजू.

माझं मन दोन्हीकडे ओढतं. कान्जीचं एकच चिन्ह वीसदा लिहिताना मुलाचे डोळे मिटायला लागतात ते मला बघवत नाही. पण ओन्दोकु बंद करू नका असं मी शाळेत जाऊन सांगेन. ज्या घरात आई-बापाची भाषा वेगळी आहे, तिथे मूल शाळेत काय वाचतं हे ऐकायची तीच एक खिडकी असते.

टिपूर

दोन छोटे प्रश्न. एक, उच्चार. माझ्या बाई 'श्कुदाइ' म्हणतात असं मला ऐकू येतं. दोन, मराठीत बोलताना तुम्ही लिंग कोणतं लावता? शुकुदाइ झाला, झाली की झालं?

चिंचेचं झाड

बरोबर ऐकलंत. श आणि क यांच्यामधला 'उ' तोंडातल्या तोंडात राहतो, दुसरा 'उ' पूर्ण येतो कारण पुढे 'द' आहे. आपण 'घर' लिहितो आणि शेवटचा 'अ' म्हणत नाही, त्याच जातीचं. 'गाकुसेइ'चं 'गाक्सेइ' यामुळेच. सूर सपाट ठेवा, कुठल्याच अक्षरावर जोर नको. मराठी माणूस 'दाइ'वर जोर देतो.

आणि 'शुकुदाइ ओ वासुरेमाशिता' हे पाठ करा. गृहपाठ विसरलो. वही घरी राहिली तरी हेच, केलाच नाही तरी हेच. ऐकणारा शिक्षक चेहऱ्यावरून ओळखतो. आणखी एक, 'ओऽइ शुकुदाइ' म्हणू नका. 'शुकुदाइ गा ओऽइ' चालतं, नामाआधी लावायचं तर 'ताकुसान नो शुकुदाइ'.

मधुमालती

लिंगाचं: आमच्याकडे 'झालं'. "शुकुदाइ झालं का रे?" शेजारी नागपूरचे आहेत, ते 'झाला' म्हणतात, गृहपाठ मनात धरून. पुढच्या इमारतीतल्या कोल्हापूरच्या वहिनी 'झाली'. मुलं आपसात खेळताना तिन्ही ऐकू येतात. आणि ती एकमेकांना विचारतात ते 'शुकुदाइ ओवात्ता?', म्हणजे शब्दशः 'झालं?' केलंस का असं विचारत नाहीत. आपणही नाही विचारत.

सह्यकडा

आमच्याकडे 'झाला'. बायको पुण्याची.

पेठकर

दोन दिवस खपून एक वाक्य केलंय. झाडबाई, तपासाल का?

'सेन्सेइ नि शुकुदाइ ओ ताकुसान दासारेमाशिता गा, मोऽ सेन्सेइ नि दाशिमाशिता.'

सरांनी भरपूर गृहपाठ दिला, पण मी तो सरांना देऊनही झाला.

चिंचेचं झाड

दोन्ही 'नि' आपापल्या जागी आहेत. जपानी माणूस दुसरं 'सेन्सेइ नि' गाळेल, कारण गृहपाठ आणखी कोणाला देणार? पण सरावासाठी तुम्ही ते ठेवा, काढू नका. हे वाक्य पुढच्या वर्गात वापरू का? तुमचं नाव सांगून.

पेठकर

जरूर वापरा बाई.

मधुमालती

मुलाला वाक्य वाचून दाखवलं. "कोणाचं शुकुदाइ आहे हे?" म्हणाला. पुण्याच्या एका काकांचं, म्हटलं. त्याने लाल पेन्सिल मागितली. फोनवर कुठे काढणार, म्हणून वाक्य कागदावर लिहून दिलं तर त्याने भोवती मोठा गोल काढला, आणि गोलाला पाकळ्या. हानामारु म्हणतात त्याला, नुसत्या बरोबरच्या वरचं. पेठकर, फोटो रात्री चिकटवते, आत्ता त्याचं वाचन ऐकायचंय.